मोबाइलवरून मोठे फोटो तुकड्यातुकड्यानं अपलोड करणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅपमध्ये किंवा वेबसाइटवर फोटो चढवण्याची सोय बनवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे किचकट. घाईत असाल तर निदान प्रश्न ७ वाचा. या विषयातल्या निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ मला तिथेच सापडलं आहे.

१. तुकडे करून अपलोड म्हणजे नेमकं काय होतं?

फोटोची फाइल म्हणजे बाइटची एक लांबलचक रांग. एरवी ती अख्खी एकाच रिक्वेस्टमध्ये (सर्व्हरला केलेल्या एका मागणीत) जाते. तुकड्यांच्या पद्धतीत फोन आधी सर्व्हरला कळवतो, की एवढ्या बाइटची फाइल येते आहे. सर्व्हर त्या अपलोडला एक ओळख देतो. मग फोन रांगेतले पहिले काही लाख बाइट पाठवतो, त्यांची पोच मिळाली की पुढचे, असं शेवटपर्यंत. सगळे आले की सर्व्हर ते क्रमानं जोडतो आणि मूळ फाइल जशीच्या तशी उभी राहते.

यात फोटोचं चित्र कापलं जात नाही. तिसरा तुकडा उघडून पाहिलात तर फोटोची तिसरी पट्टी दिसणार नाही. तो नुसता बाइटचा गठ्ठा असतो.

२. फोटो तर ४-५ एमबीचा असतो. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

४-५ एमबीसाठी करूच नका. एका रिक्वेस्टमध्ये पाठवा, फसली तर पुन्हा पाठवा. एकदम चाळीस फोटो पाठवायचे असले तरी हेच. तिथे प्रत्येक फोटो हाच एक तुकडा समजायचा.

पण आयफोनवर ४८ मेगापिक्सेलचा प्रोरॉ (संपादनासाठी जास्त तपशील जपणारा) फोटो साधारण ७५ एमबीचा होतो. मोठे पॅनोरमा आणि स्कॅन केलेले नकाशेही असेच जड असतात. अपलोडचा वेग सेकंदाला २ मेगाबिट धरला तर ७५ एमबीला ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटं फोन एकाच कनेक्शनवर राहील हे गृहीत धरता येत नाही. माणूस घराबाहेर पडतो, वायफाय सुटून मोबाइल डेटा लागतो, फोनचा आयपी पत्ता बदलतो आणि जुनं टीसीपी कनेक्शन (फोन आणि सर्व्हरमधला चालू दुवा) तुटतं. चौथ्या मिनिटाला तुटलं तर ६० एमबी वाया. तो डेटा वापरणाऱ्याच्या पैशाचा असतो, हे आपण विसरता कामा नये. १ एमबीचे तुकडे असते तर फार तर एक तुकडा वाया गेला असता.

माझा आडाखा असा : १० एमबीच्या आत एक रिक्वेस्ट, त्यावर तुकडे.

३. एचटीटीपीमध्ये (ब्राउझर, अ‍ॅप आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांत) 'चंक्ड ट्रान्सफर' आधीच आहे ना? मग वेगळं काय करायचं?

नावात साम्य आहे, काम वेगळं आहे. 'ट्रान्सफर-एन्कोडिंग : चंक्ड' ही एकाच रिक्वेस्टच्या आतली मांडणी आहे. एकूण लांबी आधी माहीत नसताना मजकूर पाठवता यावा, एवढाच त्याचा हेतू. कनेक्शन तुटलं की ती रिक्वेस्टही संपली आणि मागचं काही उरत नाही. आपण इथे बोलतो आहोत ते तुकडे म्हणजे प्रत्येकी स्वतंत्र रिक्वेस्ट.

४. तुकडा केवढा ठेवावा?

एमबीत विचार करण्यापेक्षा सेकंदांत करा. एक तुकडा साधारण ३ ते १० सेकंदांत जावा. त्याहून लहान असेल तर प्रत्येक रिक्वेस्टचं जाणं-येणं महाग पडतं. मोठा असेल तर तुटल्यावर नुकसान मोठं. सेकंदाला २ मेगाबिट वेग असेल तर १ एमबीला ४ सेकंद, म्हणजे बरोबर. सेकंदाला २० मेगाबिट असेल तर तोच तुकडा अर्ध्या सेकंदाच्या आत जातो आणि तिथे ८ एमबीचा तुकडाही चालतो.

फोनवर वेग मिनिटामिनिटाला बदलतो, म्हणून आकडा कायमचा ठरवू नये. १ एमबीपासून सुरुवात करा. तुकडा दोन सेकंदांच्या आत गेला तर पुढचा दुप्पट, फसला तर निम्मा.

मात्र साठवणुकीची सेवा कोणती आहे यावर बंधनं येतात. अ‍ॅमेझॉन एस-थ्रीच्या मल्टिपार्ट अपलोडमध्ये शेवटचा सोडून प्रत्येक भाग किमान ५ एमबीचा लागतो आणि भाग जास्तीत जास्त १०,००० चालतात. गूगल क्लाउड स्टोरेजमध्ये शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा २,६२,१४४ बाइटच्या पटीत हवा. एस-थ्रीतले ५ एमबी म्हणजे ५२,४२,८८० बाइट. ५०,००,००० लिहिलंत तर सगळे भाग निमूटपणे स्वीकारले जातात आणि शेवटी जोडायला सांगितलं की मग 'भाग फार लहान आहे' असा एरर येतो. वापरणाऱ्याचा सगळा डेटा खर्च झाल्यावर!

५. तुकडे केल्यापासून अपलोड उलट हळू झालं. असं का?

बहुतेक वेळा तुकडे फार लहान असतात. २०० केबीचे तुकडे केले तर ७५ एमबीसाठी पावणेचारशे रिक्वेस्ट होतात आणि प्रत्येकीनंतर पोच येईपर्यंत लाइन रिकामी बसते.

ब्राउझरमध्ये आणखी एक छुपा खर्च आहे. अपलोडचा सर्व्हर वेगळ्या डोमेनवर असेल, तर ब्राउझर प्रत्यक्ष रिक्वेस्टच्या आधी परवानगी विचारणारी 'ऑप्शन्स' रिक्वेस्ट पाठवतो. ती परवानगी जपून ठेवायला सर्व्हरनं 'अ‍ॅक्सेस-कंट्रोल-मॅक्स-एज' हे हेडर (रिक्वेस्ट किंवा उत्तरासोबतची माहितीची ओळ) देऊन सांगितलं नसेल, तर ही विचारणा पुन्हा पुन्हा होत राहते. तसंच, प्रत्येक तुकड्याला नवं कनेक्शन उघडलं जात नाही ना, तेही पाहा. नव्या कनेक्शनचा वेग टीसीपी हळूहळू वाढवत नेतो आणि वेग पकडेपर्यंत तुमचा तुकडा संपलेला असतो.

६. एकाच वेळी चार-पाच तुकडे पाठवले तर?

चांगल्या वायफायवर फायदा होतो. कमकुवत मोबाइल नेटवर तोटा होतो, कारण तोच अरुंद रस्ता चौघांत वाटला जातो, चौघंही रेंगाळतात आणि तुटलं की चौघंही अर्धवट राहतात. फोनवर मी दोनच्या वर जात नाही. शिवाय 'इथपर्यंत आलं' असा एकच आकडा ठेवणाऱ्या पद्धतींत तुकडे क्रमानंच पाठवावे लागतात. एस-थ्रीसारखे भागांना क्रमांक देणारे सर्व्हर ते कोणत्याही क्रमानं घेतात.

७. नेट मध्येच गेलं. परत आल्यावर कुठून सुरू करायचं?

सर्व्हर सांगेल तिथून.

तुकडा पाठवला आणि नेट गेलं, तर तो पोहोचला की नाही हे फोनला कळायला मार्गच नसतो. कदाचित वाटेतच हरवला असेल. कदाचित पोहोचला, सर्व्हरनं लिहूनही घेतला, पण पोच परत येताना हरवली असेल. फोनला दोन्ही वेळा एकच दिसतं : रिक्वेस्ट फसली. फोननं 'गेला नाही' असं मानून तो पुन्हा पाठवला आणि सर्व्हरनं डोळे मिटून मागे जोडला, तर तुकडा दोनदा लागतो. 'गेला असेल' असं मानून पुढचा पाठवला तर मधे खिंडार पडतं.

म्हणून आधी विचारायचं. टस नावाच्या खुल्या प्रोटोकॉलमध्ये हे असं घडतं : फोन त्या अपलोडच्या पत्त्यावर 'हेड' रिक्वेस्ट (मजकूर न मागता फक्त माहिती विचारणारी) पाठवतो. उत्तरात 'अपलोड-ऑफसेट : ४१९४३०४०' असं हेडर येतं (ऑफसेट म्हणजे फाइलच्या सुरुवातीपासून मोजलेला बाइटचा आकडा), म्हणजे ४० एमबी सर्व्हरकडे सुखरूप आहेत. फोन फाइलमध्ये नेमका त्या बाइटवर जातो आणि तिथून पुढचा मजकूर 'पॅच' रिक्वेस्टनं पाठवतो, सोबत तोच ऑफसेट. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर सर्व्हर ४०९ हा उत्तराचा क्रमांक देऊन तुकडा नाकारतो. हा नकार म्हणजे बिघाड समजू नका, त्यानंच फोटो वाचतो. ४०९ आला की पुन्हा विचारायचं आणि मिळालेल्या आकड्यापासून निघायचं.

गूगलच्या सेवेत हीच विचारणा रिकाम्या 'पुट' रिक्वेस्टनं होते. उत्तर ३०८ येतं आणि 'रेंज' हेडरमध्ये शेवटच्या मिळालेल्या बाइटचा क्रमांक असतो. मोजणी शून्यापासून आहे, म्हणून सुरुवात त्याच्या पुढच्या बाइटपासून करायची. 'रेंज' हेडर आलंच नाही तर अजून काहीच पोहोचलेलं नाही. एस-थ्रीमध्ये आलेल्या भागांची यादी मागवता येते.

फोनवर जपायचं ते एवढंच : अपलोडचा पत्ता, फाइल कुठे आहे, तिचा आकार. किती पाठवलं याची नोंद ठेवायची झाली तर ती पडद्यावर दाखवण्यापुरती. अशी नोंद जपून ठेवली की कधीतरी कुणीतरी तिच्यावर विसंबतो.

८. किती वेळा आणि किती वेळानं पुन्हा प्रयत्न करायचा?

१, २, ४, ८ सेकंद असं अंतर वाढवत न्या आणि त्यात थोडं मागेपुढे मिसळा. नाहीतर सर्व्हर बंद पडून उठला की सगळे फोन एकाच क्षणी धडकतात. टाइमआउट, ४०८ (वेळ संपली), ४२९ (फार रिक्वेस्ट) आणि ५०० च्या घरातल्या (सर्व्हरच्या) एररवर पुन्हा प्रयत्न करावा. ४०४ किंवा ४१० आला तर ते अपलोड सर्व्हरनं टाकून दिलं आहे, नव्यानं सुरुवात करावी. बाकीच्या ४०० च्या घरातल्या एररवर तीच रिक्वेस्ट पाठवत राहून काही होत नाही. नेट नसेल तेव्हा प्रयत्न मोजू नका, नेट येण्याची वाट पाहा.

९. हे सगळं स्वतः लिहावं की तयार काही वापरावं?

तयार वापरा. टससाठी अँड्रॉइड, आयओएस आणि ब्राउझर तिन्हींच्या लायब्ररी आहेत. फाइल शेवटी एस-थ्री किंवा गूगलकडेच जाणार असेल, तर त्यांची स्वतःची पद्धत बरी. आयओएस १७ पासून (२०२३) अ‍ॅपलच्या यूआरएलसेशनमध्येच (नेटवरून देवाणघेवाण करणाऱ्या तयार भागात) तुटलेलं अपलोड पुढे चालू करण्याची सोय आली आहे. मात्र सर्व्हरलाही ती भाषा यावी लागते. स्वतः लिहायचंच असेल तर प्रश्न ७ मधला ऑफसेटचा नियम आधी लिहा, बाकीचं नंतर.

१०. तुकडा वाटेत बिघडला नाही, याची खात्री कशी करायची?

प्रत्येक तुकड्यासोबत त्याचा चेकसम (बाइटवरून काढलेला पडताळ्याचा आकडा) पाठवा आणि सर्व्हरकडून तपासून घ्या. जोडणी झाल्यावर अख्ख्या फाइलचाही तपासा. दोन्ही लागतात, कारण तुकडे एकेकटे बिनचूक असूनही क्रम चुकू शकतो.

इथे दोन खड्डे आहेत. ब्राउझरचं क्रिप्टो डायजेस्ट हे चेकसम काढणारं फंक्शन फाइल थोडीथोडी घेत नाही, सगळे बाइट एकदम मागतं. ७५ एमबीच्या फाइलसाठी टप्प्याटप्प्यानं चालणारी लायब्ररी घ्या. दुसरं, एस-थ्रीवर भागांनी चढवलेल्या फाइलचा ईटॅग (सेवेनं फाइलला दिलेली खूण) म्हणजे त्या फाइलचा एमडी५ (एक प्रकारचा चेकसम) नव्हे. तो जुळत नाही म्हणून फाइल खराब ठरवू नका.

११. अपलोड 'यशस्वी' झालं, पण फोटोचा खालचा भाग करडा किंवा रंग विस्कटलेला दिसतो.

बिघडलेलं चित्र नीट पाहिलं तर रोग ओळखता येतो. जेपीईजी वरून खाली उलगडत जातं. एका रेषेखाली सगळं सपाट करडं असेल तर शेवटचे तुकडे आलेच नाहीत आणि सर्व्हरनं तसंच 'पूर्ण' म्हणून टाकलं. एका रेषेखाली चित्र बाजूला सरकलेलं, रंग हिरवे-जांभळे झालेले असतील तर मधे तुकडा दोनदा लागला, गळला किंवा क्रम चुकला.

आमच्याकडे एकदा असा फोटो आला होता : वरचा दोनतृतीयांश भाग स्वच्छ, खाली सगळं गुलाबी आणि तिरकं. फाइलचा आकार मूळ फोटोपेक्षा नेमका १०,४८,५७६ बाइटनं जास्त निघाला. बरोब्बर एक तुकडा! सर्व्हरच्या नोंदीत चौदावा तुकडा अकरा सेकंदांच्या अंतरानं दोनदा आलेला दिसला. पोच हरवली होती आणि आमचा सर्व्हर ऑफसेट न तपासता मागे जोडत होता. तेव्हापासून मी अशा तक्रारीत आधी आकारांची वजाबाकी करतो.

१२. प्रोग्रेस बार १०० टक्क्यांवर जाऊन अडकतो, किंवा मागे येतो.

ब्राउझर आणि फोन जे मोजतात ते सिस्टमकडे सोपवलेले बाइट. ते सर्व्हरला मिळाले असतीलच असं नाही. म्हणून बार पुढे धावतो आणि शेवटी थांबतो. पोच मिळालेल्या तुकड्यांवरच बार हलवा. जोडणीला वेळ लागत असेल तर 'फोटो तयार होतो आहे' असं वेगळं लिहा. पुन्हा सुरू करताना बार एखादा तुकडा मागे आला तर येऊ द्या, ते खरं आहे. चालू तुकड्याची आतली हालचाल दाखवायची तर ब्राउझरच्या फेच या फंक्शनमध्ये ती सोय नाही, जुना एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट लागतो.

१३. स्क्रीन बंद झाली किंवा दुसरं अ‍ॅप उघडलं की अपलोड थांबतं.

ब्राउझर असेल तर थांबणारच. मागे गेलेल्या टॅबची स्क्रिप्ट फोन गोठवतो. स्क्रीन जागी ठेवण्याची सोय आयफोनच्या सफारीत १६.४ पासून (२०२३) आहे, पण माणसानं दुसरं अ‍ॅप उघडलं की तिचा उपयोग नाही. टॅब पुन्हा समोर आला की आपोआप प्रश्न ७ प्रमाणे विचारून पुढे निघा आणि 'हे पान उघडं ठेवा' असं स्पष्ट लिहा.

अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये वर्कमॅनेजर (मागे राहून कामं पार पाडणारी सोय) वापरा. वापरणाऱ्यानं स्वतः बटण दाबून सुरू केलेल्या मोठ्या अपलोडसाठी अँड्रॉइड १४ मध्ये खास प्रकारचं काम आलं आहे. डेटा-सिंक प्रकारच्या फोरग्राउंड सर्व्हिसवर (सूचना दाखवत चालणाऱ्या कामावर) अँड्रॉइड १५ पासून २४ तासांत ६ तासांची मर्यादा आहे.

आयओएसवर बॅकग्राउंड यूआरएलसेशन आहे आणि इथे नेहमीचा सल्ला उलटा होतो. बॅकग्राउंडचं अपलोड मेमरीतून चालत नाही, डिस्कवरच्या फाइलमधून द्यावं लागतं, म्हणजे प्रत्येक तुकड्याची तात्पुरती फाइल करावी लागते. शिवाय अ‍ॅप मागे असताना एक तुकडा संपल्यावर पुढचा सुरू करायला गेलात, तर सिस्टम तो मुद्दाम लांबवते. शंभर लहान तुकडे असतील तर काम रात्रभर रेंगाळू शकतं. म्हणून इथे तुकडे मोठे आणि मोजके करा आणि अ‍ॅप समोर असतानाच सगळे रांगेत लावून द्या. वापरणाऱ्यानं अ‍ॅप वर सरकवून बंद केलं तर मात्र सिस्टम ही कामंही रद्द करते.

१४. मोठा फोटो निवडला की अ‍ॅपच बंद पडतं.

मेमरी संपते. ७५ एमबीची फाइल वाचल्यानं क्वचित, ती उलगडून दाखवल्यानं बहुतेकदा. ८०६४ बाय ६०४८ पिक्सेलचा फोटो पिक्सेलला ४ बाइटप्रमाणे उलगडला की साधारण १९५ एमबी होतो. लहान चित्र दाखवायचं तर उलगडतानाच लहान करून घ्या. अपलोडसाठी फोटो उलगडायची गरजच नसते.

ब्राउझरमध्ये फाइलवर स्लाइस केलं तर फक्त 'इथपासून इथपर्यंत' अशी खूण तयार होते, बाइट पाठवतानाच वाचले जातात. अख्खी फाइल आधी वाचून मग कापू नका. बेस-६४ पद्धतही (बाइट अक्षरांत लिहिणं) टाळा : तीन बाइटचे चार होतात, म्हणजे डेटा एकतृतीयांशानं वाढतो.

१५. आधी लहान करूनच पाठवलं तर तुकड्यांची गरज उरत नाही ना?

फोटो फक्त पाहण्यासाठी हवा असेल तर नाही उरत, आणि तेच उत्तम. छपाई, तपासणी किंवा पुरावा म्हणून मूळ फाइल हवी असेल तर तिला हात लावू नका. दोन्ही हवं असेल तर आधी लहान प्रत पाठवा, म्हणजे समोरच्याला लगेच काहीतरी दिसतं. मूळ फाइल मागून येऊ द्या.

१६. तोच फोटो पुन्हा निवडून पुढे चालू केलं, तरी सर्व्हर जुळत नाही म्हणतो.

तोच फोटो म्हणजे तेच बाइट असं नाही. आयफोन फोटो एचईआयसी या प्रकारात ठेवतो आणि वेबसाइटला देताना अनेकदा जेपीईजी करून देतो. ती प्रत दर वेळी नव्यानं बनू शकते. अँड्रॉइड १० पासून अ‍ॅपनं वेगळी परवानगी घेतली नसेल तर फोटोतली ठिकाणाची माहिती काढून फाइल दिली जाते. मधल्या काळात कुणी फोटो थोडा छाटला असेल, तरी बाइट बदलले. नाव, आकार आणि बदलाची वेळ जुळली तरच जुनं अपलोड पुढे न्या, शंका आली तर नव्यानं सुरू करा.

अ‍ॅप बनवत असाल तर फोटो निवडला त्याच क्षणी त्याची प्रत अ‍ॅपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये करा आणि ती पाठवा. गॅलरीतून मिळालेली वाचायची परवानगी अनेकदा तात्पुरती असते, फोन बंद-चालू झाला की जाते.

१७. तुकडा लहान आहे, तरी '४१३' (मजकूर फार मोठा) एरर येतो.

वाटेतला कुणीतरी नाकारतो आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये काही न सांगितल्यास रिक्वेस्टची मर्यादा १ एमबी असते. १ एमबीचा तुकडा मल्टिपार्ट फॉर्ममध्ये (वेबच्या फॉर्ममधून फाइल पाठवण्याच्या पद्धतीत) घातला की वरच्या वेष्टणामुळे तो जरासा मोठा होतो आणि अडकतो. पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेत एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी आहे, पण तिथे ४१३ दिसत नाही, फाइल न मिळाल्याचा एरर येतो.

१८. चाचणीत चालतं, पण प्रत्यक्षात कधीकधी सर्व्हर 'असं अपलोडच नाही' म्हणतो.

चाचणीत सर्व्हर एक होता, आता दोन-तीन आहेत. पहिला तुकडा एकाच्या डिस्कवर पडला, दुसरा दुसऱ्याकडे गेला. तुकडे आणि ऑफसेटची नोंद सगळ्यांना दिसेल अशा सामाईक जागी ठेवा. एका फोनला एकाच सर्व्हरशी बांधून ठेवण्याचा उपाय नेट बदललं की फसू शकतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी.

दुसरं कारण मुदतीचं. ते पुढच्या प्रश्नात.

१९. अर्धवट राहिलेल्या तुकड्यांचं काय होतं?

सेवेनुसार वेगळं. गूगल क्लाउड स्टोरेजचं अपलोड सत्र आठवडाभर टिकतं. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युरमध्ये पक्के न केलेले ब्लॉक (तुकडे) आठवड्यानं टाकले जातात. एस-थ्रीमध्ये मात्र तुम्ही सांगेपर्यंत ते तसेच पडून राहतात, नेहमीच्या यादीत दिसतही नाहीत आणि त्यांचं भाडं लागत राहतं. अर्धवट अपलोड काही दिवसांनी रद्द करण्याचा लाइफसायकल नियम पहिल्याच दिवशी लावा. मुदत फार कमीही नको. कुणी शुक्रवारी अडकलेला फोटो सोमवारी पुढे नेऊ शकतो. मी सात दिवस ठेवतो.

२०. लॉगिनची मुदत मध्येच संपली तर? आणि सुरक्षेसाठी काय पाहावं?

४०१ (लॉगिन मान्य नाही) आला की नवं टोकन (लॉगिनची तात्पुरती चावी) घ्या आणि त्याच अपलोडवर पुढे चला, पहिल्यापासून सुरू करू नका. सही केलेले (ठरावीक वेळच चालणारे) पत्ते वापरत असाल तर सगळे एकदम बनवू नका. शेवटच्या भागाची पाळी येईपर्यंत त्याची मुदत संपते.

अपलोड ज्यानं सुरू केलं त्याचंच प्रत्येक तुकड्यावर नाव आहे ना, हे तपासा. एकूण आकाराची मर्यादा सुरुवातीलाच लावा आणि जाहीर केलेल्या आकारापेक्षा एक बाइटही जास्त घेऊ नका. फाइल खरोखर फोटो आहे का, हे नावावरून ठरवू नका, जोडणी झाल्यावर आतले बाइट पाहून ठरवा.

२१. हे नीट चालतं हे तपासायचं कसं?

खऱ्या फोनवर आणि ७० एमबीच्या वरच्या फाइलनं. बार मध्यावर असताना विमान मोड लावा, मिनिटानं काढा. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर न्या. अ‍ॅप वर सरकवून बंद करा, पुन्हा उघडा. फोन बंद-चालू करा.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी हातानं जमत नाही, सर्व्हरवर करावी लागते : तुकडा लिहून घ्यायचा आणि पोच न देता कनेक्शन तोडायचं. दर पाचव्या तुकड्याला असं करा. शेवटी दोन्हीकडच्या फाइलचा एसएचए-२५६ चेकसम काढून शेजारी ठेवा.